मुदत संपलेल्या संगणकप्रणाली आणि गावचे दप्तर

(येडशी, जिल्हा धाराशिव येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येडशी हे गाव दोन मोठ्या वाटांवर वसलेले आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो आणि कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील एक स्थानकही गावाला लाभले आहे. रामलिंगाच्या दर्शनास येणारी मंडळी आज ज्या रुळांवरून येतात ते रुंदमापी रूळ होत. परंतु गावातील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणीत जी आगगाडी आहे ती निराळी. ती अडीच फुटी रुळांवरून धावणारी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि १९११ पर्यंत तिचे रूळ लातूरला जाऊन भिडले. १९५४ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. पुढे रुंदीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने झाले व २००८ साली कुर्डुवाडी-उस्मानाबाद हा टप्पा रुंदमापी झाल्यावर या भागातील छोटी गाडी इतिहासजमा झाली.

संगणकाविषयीच्या व्याख्यानात आगगाडीचे प्रयोजन काय, अशी शंका कोणास येईल. प्रयोजन आहे. बार्शी लाइट रेल्वे ही काही सदोष रेल्वे नव्हती. अल्प खर्चात, डोंगराळ मुलखातून वळणे घेत जाणारी ती गाडी तिच्या काळी नमुनेदार मानली जात असे, आणि तिने शंभर वर्षे इमानाने काम केले. अडचण होती ती कुर्डुवाडीस. तेथे मुंबईहून मद्रासकडे जाणारा रुंद मार्ग तिला भेटत असे आणि लातूरच्या पेठेतून आलेले प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. हमाली वाढे, वेळ जाई, मालाची नासधूस होई. जोवर माल बार्शी ते लातूर एवढाच फिरत होता तोवर अडीच फुटी रूळ पुरेसे होते. बाहेरच्या जगाशी जोड झाला की तो जोडच दुखू लागे. मुदत संपलेल्या संगणकप्रणालीचे दुखणेही नेमके जोडाच्या ठिकाणचे आहे.

संगणकावर आपण पत्रे टंकित करतो, कर आकारणीचे तक्ते करतो, विद्यार्थ्यांच्या याद्या भरतो. ही निरनिराळी कामे करणारे कार्यक्रम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्या मधे एक मूलभूत व्यवस्था असते. तिला संचालन प्रणाली, किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतात. कोणता कार्यक्रम चालू द्यायचा, कोणाला कोणते कागद उघडू द्यायचे, छपाईयंत्राला कधी हुकूम द्यायचा, बाहेरून आलेल्या निरोपाला दार उघडायचे की नाही, हे सारे तीच ठरविते. आपल्या कार्यालयांत बहुधा मायक्रोसॉफ्ट या कंपनीची विंडोज प्रणाली असते. तिच्या आवृत्त्या येतात आणि जातात. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली व तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ ही २००९ ची. तिची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली.

देखभाल थांबली म्हणजे काय झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण याबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, आणि म्हणूनच कोणाच्या काही लक्षात येत नाही. प्रणालीमध्ये कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते. तीत राहून गेलेल्या फटी वर्षानुवर्षे सापडत राहतात, आणि सापडलेली फट बुजविण्यासाठी कंपनी दरमहा दुरुस्त्या पाठवीत असते. मुदत संपली की हा पुरवठा थांबतो. त्यात आणखी एक मेख आहे. नव्या आवृत्तीतील बरीचशी आज्ञावली जुनीतूनच आलेली असते. त्यामुळे नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुन्या आवृत्तीत फट कोठे आहे याचा पत्ता जाणकार चोराला आपोआप मिळतो. मुदतबाह्य प्रणाली म्हणूनच नुसती म्हातारी होत नाही, ती महिन्यागणिक अधिकाधिक उघडी पडत जाते.

२०१७ च्या मे महिन्यात याचा अनुभव साऱ्या जगाला आला. त्या वर्षीच्या १२ मे रोजी, शुक्रवारी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू पसरू लागला. संगणकांनी एकमेकांच्या कागदपत्रांची देवघेव करण्याच्या एका जुन्या पद्धतीत फट होती. तिचा लाभ घेऊन तो एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात आपण होऊन शिरे. कोणी काही उघडण्याची वा कळ दाबण्याची त्याला गरज नव्हती. आत शिरल्यावर तो सर्व कागदपत्रांना कुलूप घाली आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेला त्याचा फार मोठा तडाखा बसला. तेथील २३६ रुग्णालय-न्यासांपैकी निदान ८१ न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले, रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या.

पण आपल्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण केरळातील आहे. शनिवार-रविवारची सुटी संपून १५ मे रोजी कार्यालये उघडली तेव्हा वायनाड जिल्ह्यातील तरियोड आणि पत्तनंतिट्टा जिल्ह्यातील अरुवाप्पुलम या ग्रामपंचायतींच्या संगणकांवर खंडणीची हीच मागणी झळकत होती. लंडनच्या रुग्णालयावर जे संकट आले तेच, त्याच आठवड्यात, पश्चिम घाटाच्या कुशीतील एका पंचायतीवर आले. आपले गाव लहान, आपल्याकडे कोण कशाला येईल, हा युक्तिवाद त्या दिवशी निकालात निघाला. हा विषाणू गाव पाहून येत नव्हता, उघडे दार पाहून येत होता.

या प्रसंगासंबंधी एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती पुष्कळदा चुकीची सांगितली जाते. सर्व दोष विंडोज एक्सपीच्या माथी मारण्याची त्या वेळी प्रथा पडली. प्रत्यक्षात बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते, आणि विंडोज ७ ची देखभाल तेव्हा चालू होती. ती फट बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य उपलब्ध झालेली होती. ती घेतली गेली नव्हती, इतकेच. एक्सपीसाठीही कंपनीने नियम बाजूला ठेवून तातडीची दुरुस्ती दिली, पण ती हल्ला सुरू झाल्यानंतर. तेव्हा जुनी प्रणाली आणि निगा न राखलेली नवी प्रणाली यांत चोराच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. आपल्याकडे तर तिसराही एक प्रकार आढळतो. दुकानदार संगणक विकताना चोरटी प्रत ‘फुकट’ घालून देतो आणि ती उघडकीस येऊ नये म्हणून दुरुस्त्या येण्याची सोयच बंद करून ठेवतो. अशा संगणकावर आवृत्तीचे नाव नवे असते. संरक्षणाच्या दृष्टीने तो ज्या दिवशी विकला त्या दिवशीच थांबलेला असतो.

महाराष्ट्रालाही या संकटांची ओळख आहे. मे २०१६ मध्ये खुद्द मंत्रालयात महसूल व सार्वजनिक बांधकाम विभागांतील संगणकांना लॉकी नावाच्या खंडणीखोर विषाणूची बाधा झाली. वृत्तपत्रांनी सुमारे दीडशे संगणकांचा आकडा दिला होता. हा विषाणू ई-पत्रांसोबत येणाऱ्या जोडपत्रांतून पसरत असे, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या वर्षी, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या धक्क्याचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. वॉनाक्रायने वापरलेली फट नॉटपेट्यानेही वापरली होती. एव्हाना दुरुस्ती प्रसिद्ध होऊन साडेतीन महिने लोटले होते.

बँकांच्या बाबतीत भारतीय रिझर्व्ह बँकेने निश्चित कालमर्यादा घालून दिली. देशातील बरीचशी एटीएम यंत्रे विंडोज एक्सपीवर चालत होती. २१ जून २०१८ च्या परिपत्रकान्वये बँकांना सप्टेंबर २०१८ अखेर किमान २५ टक्के, डिसेंबर अखेर ५० टक्के, मार्च २०१९ अखेर ७५ टक्के आणि जून २०१९ अखेर सर्व एटीएम यंत्रे चालू देखभालीच्या प्रणालीवर आणण्यास सांगण्यात आले. प्रणालीची मुदत एप्रिल २०१४ मध्ये संपलेली होती, हे लक्षात घेता पाच वर्षांचा कालावधी मोठाच म्हणावा लागेल. तथापि टप्पे ठरविण्याची ती पद्धत आपल्या पंचायत समित्यांनाही अनुकरणीय आहे.

मग जुन्या प्रणाली टिकून का राहतात? आळस किंवा अज्ञान हे उत्तर सोपे आहे, परंतु ते पुरते खरे नाही आणि कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारे आहे. पुष्कळदा संगणकापेक्षा त्याला जोडलेले यंत्र मोलाचे असते. वजनकाटा, क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळेतील उपकरण यांची आयुष्ये पंधरा-वीस वर्षांची असतात आणि त्यांना चालविणारा कार्यक्रम ज्या प्रणालीसाठी लिहिला गेला तिच्यावरच चालतो. प्रगत देशही याला अपवाद नाहीत. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर धुक्यात विमानांची ये-जा खोळंबली, कारण वैमानिकांना हवामानाची माहिती पुरविणारी यंत्रणा बिघडली होती, आणि ती यंत्रणा १९९२ सालच्या विंडोज ३.१ वर चालत होती. जपानने शासकीय कामात फ्लॉपी तबकडी सादर करण्याचे दंडक रद्द केले ते २०२४ साली.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते कारण मराठी भाषेचे आहे. विंडोज ९५ व ९८ या प्रणालींमध्ये देवनागरीची सोय नव्हती. ती उणीव पुण्याच्या सी-डॅकने आयएसएम हा कार्यक्रम काढून आणि मॉड्युलर या पुण्याच्याच कंपनीने श्री-लिपी काढून भरून काढली. या दोन कार्यक्रमांनी मराठीची जी सेवा केली तिला तोड नाही. शासकीय कार्यालये, छापखाने, साखर कारखाने, शाळा यांचा मराठी कारभार संगणकावर आला तो त्यांच्यामुळे. परंतु त्या काळची युक्ती अशी होती की, संगणक आत साठवी रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत, आणि टंक त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. प्रत्येक टंकाचे संकेत निराळे. परिणामी, त्या टंकाविना दुसऱ्या संगणकावर मजकूर उघडला की मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. हा अनुभव या सभागृहातील बहुतेकांनी घेतलेला असेल. पुढे युनिकोड ही सर्व भाषांना एकच संकेतव्यवस्था देणारी पद्धती रूढ झाली. विंडोज २००० पासून देवनागरीला तीत स्थान मिळाले. एक्सपीमध्ये मात्र भारतीय भाषांची सोय आपण होऊन बसवून घ्यावी लागे, आणि ती पुष्कळ ठिकाणी बसविलीच गेली नाही. तोवर वर्षानुवर्षांची इतिवृत्ते, ठराव, दाखले व पत्रव्यवहार जुन्या टंकांत साठला होता. तो उघडायचा तर जुना टंक हवा, जुन्या टंकासाठी जुना कार्यक्रम हवा, आणि जुन्या कार्यक्रमासाठी जुनी प्रणाली. असा हा वेढा आहे. कोपऱ्यात झाकून ठेवलेला तो पिवळट पडलेला संगणक कर्मचारी काढू देत नाहीत, त्यामागे बहुधा हा वेढा असतो.

ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाला संग्राम प्रकल्पामुळे २०११ पासून गती आली. त्या काळी बाजारात विंडोज ७ चालू होती. प्रकल्पाची मुदत २०१५ अखेर संपली, पुढील वर्षी आपले सरकार सेवा केंद्रांची व्यवस्था आली, २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज आले. कामे बदलली, संकेतस्थळे बदलली. जडवस्तू नोंदवहीतील संगणक मात्र पुष्कळ ठिकाणी तोच राहिला, कारण तो चालू आहे आणि चालू वस्तूचे निर्लेखन कसे करावे, असा लेखापरीक्षणाच्या भीतीचा प्रश्न पुढे येतो. हा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. परंतु वस्तू चालू आहे याचा अर्थ ती नेमून दिलेल्या कामास योग्य आहे असा होत नाही. मुदत संपल्याचा दिनांक व जोखमीचे स्वरूप टिपणीत स्पष्ट नमूद करून प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत पुढे जाऊ शकतो.

आणि पणाला काय लागलेले आहे? नमुना ८ चा उतारा घेऊन घरकुलाच्या अनुदानासाठी किंवा कर्जासाठी धावणारी एखादी विधवा स्त्री डोळ्यांपुढे आणावी. आकारणी नोंदवही ज्या एकाच संगणकात आहे तो कुलूपबंद झाला, तर तिला मिळणारे उत्तर ‘सिस्टिम बंद आहे’ एवढेच असणार. तिच्या अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही. शिक्षकांच्या बाबतीत विद्यार्थ्यांचे जन्मदिनांक, आधार क्रमांक व बँक खात्यांचा तपशील असतो. तो चोरीस गेला तर परत आणता येत नाही.

आता उपायांकडे वळू. पहिले काम म्हणजे आपल्याकडे काय आहे ते पाहणे. कळफलकावरील विंडोजची खिडकी असलेली कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत रोमन लिपीत ‘विनव्हर’ असे टंकित करावे. प्रणालीचे नाव व आवृत्ती पडद्यावर येते. ते जडवस्तू नोंदवहीत त्या संगणकासमोर लिहून ठेवावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे, आणि याविना पुढची सारी चर्चा अंदाजाची होते.

विंडोज १० असलेल्यांपुढे आज खरा पेच आहे. विंडोज ११ ला संगणकात टीपीएम २.० नावाचा सुरक्षा घटक, निदान चार जीबी स्मृती आणि ठराविक पिढीपुढील संस्कारक लागतो. चांगली चालणारी यंत्रेही या अटीत बसत नाहीत. जगभरात अशी सुमारे २४ कोटी यंत्रे असल्याचा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये वर्तविला होता. धडधाकट यंत्र केवळ अटीपायी भंगारात जावे, हे आपल्यासारख्या देशाला परवडणारे नाही, आणि कंपनीच्या या धोरणावर झालेली टीका रास्त आहे. कंपनीने ज्यादा मुदतीची सोय ठेवली आहे ती अशी: व्यक्तिगत वापराच्या संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, संस्थांसाठी पैसे भरून तीन वर्षे, पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. त्यापेक्षा नवा संगणक घेणे शहाणपणाचे. पात्र शैक्षणिक संस्थांना मात्र हाच दर पहिल्या वर्षी एक, मग दोन व चार डॉलर असा ठेवलेला आहे. मुख्याध्यापकांनी याची चौकशी अवश्य करावी.

दुसरा मार्ग मुक्त प्रणालींचा. लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली विनामूल्य मिळतात, त्यांच्या दुरुस्त्या नियमित येतात आणि जुन्या यंत्रांवरही त्या बऱ्या चालतात. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने भारतीय भाषांसाठी बॉस ही प्रणाली विकसित केली आहे. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालींचा मार्ग फार पूर्वीच धरला आणि तेथील संगणकशिक्षण त्यामुळे अडलेले नाही. संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये आपल्या संगणकांसाठी माया ही उबुंटूवर आधारित प्रणाली आणल्याचे जाहीर झाले. पत्रे, तक्ते, संकेतस्थळे एवढ्यावर ज्या संगणकाचे काम भागते तेथे हा मार्ग उत्तम. अंकीय स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा एखादा विशिष्ट कार्यक्रम वापरावयाचा असेल, तर ते या प्रणालीवर चालतात काय याची आधी एका यंत्रावर परीक्षा करावी. सर्व संगणक एकदम बदलून टाकण्याचा उत्साह अंगाशी येतो.

जेथे जुनी प्रणाली ठेवण्यावाचून गत्यंतर नाही तेथे ती एकटी ठेवावी. वजनकाट्याजवळच्या संगणकाला इंटरनेटची तार लावण्याचे काहीच कारण नसते. तो संगणक वजन करील, पावती छापील, आणि इतर कोणाशी बोलणार नाही. त्यावर ई-पत्रे पाहणे, चलच्चित्रे लावणे, कर्मचाऱ्यांच्या मुलांनी खेळ खेळणे हे सर्व बंद. कुर्डुवाडीची उपमा येथे लागू पडते: जोडच तोडला की जोडाचे दुखणे उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. तार काढली तरी पेन ड्राइव्ह असतो. २००८ साली आलेला कॉन्फिकर हा विषाणू असल्या हिरव्या-निळ्या कांड्यांवर बसून कार्यालया-कार्यालयांत हिंडला होता. झेरॉक्सच्या दुकानात गेलेला पेन ड्राइव्ह कार्यालयाच्या संगणकास लावू नये. कार्यालयाचा स्वतंत्र ठेवावा.

प्रणाली जुनी असो वा नवी, कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवणे कोणासही सुटलेले नाही. प्रत त्याच संगणकात ठेवली तर ती प्रत नव्हे. विषाणू दोहोंना एकाच वेळी कुलूप घालतो. बाहेरच्या तबकडीवर प्रत घ्यावी, तबकडी काढून कपाटात ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ही शेवटची पायरी फारसे कोणी करीत नाही. कपाटातील तबकडी कोरी निघाल्याचे संकटाच्या दिवशीच कळते.

राहता राहिले जुन्या टंकांतील मराठी दप्तर. ते युनिकोडमध्ये उतरवून देणारे रूपांतरक कार्यक्रम उपलब्ध आहेत. रूपांतर शंभर टक्के बिनचूक होत नाही. रफार, जोडाक्षरे व अंक विशेषेकरून तपासावे लागतात. म्हणून ग्रामसभेचे ठराव व आकारणीच्या नोंदी आधी घ्याव्यात, रोजचा पत्रव्यवहार नंतर. माध्यमिक शाळेतील मराठीच्या शिक्षकांचे साहाय्य यात फार मोलाचे ठरेल. जुना संगणक सुरू होत आहे तोवर हे काम उरकले पाहिजे. मूळ मजकुराचीही एक प्रत राखून ठेवावी.

त्यानंतर निर्लेखन. संगणक देण्यापूर्वी त्यातील साठवण तबकडी काढून घेऊन निकामी करावी, कारण कागद पुसले तरी त्यांच्या खुणा तबकडीवर राहतात आणि जाणकाराला त्या वाचता येतात. उरलेले यंत्र गल्लीतील भंगारवाल्यास देऊ नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच ते सोपवावे आणि मिळालेली पावती निर्लेखनाच्या कागदपत्रांसोबत दप्तरी लावावी.